विमानात कारसीट घट्ट कशी बांधायची

दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन प्रवास करायला बहुतेक विमान कंपन्या परवानगी देतात. परवानगी आहे म्हणून ते सुरक्षित आहे असं नाही. विमानाला जोरात हिसका बसला आणि बाळावर वजनाच्या तिप्पट ओढ आली, तर नऊ किलोचं बाळ हातांना सत्तावीस किलोंचं लागतं. असं ओझं बेसावध असताना कोणाच्याच हातात टिकत नाही. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान अमेरिकेत सू सिटीच्या विमानतळावर कोसळलं, तेव्हा त्यात मांडीवर बसवून आणलेली चार मुलं होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांना पायांपाशी जमिनीवर ठेवून धरायला सांगितलं गेलं. त्यांतलं एक मूल वाचलं नाही. तेव्हापासून अमेरिकेचं वाहतूक सुरक्षा मंडळ, एनटीएसबी, प्रत्येक बाळाला स्वतःची खुर्ची आणि स्वतःचा पट्टा हवा असं सांगत आलं आहे. तिथल्या विमान नियामकाने, म्हणजे एफएएने, ही सक्ती केलेली नाही. जास्तीचं तिकीट परवडत नाही म्हणून लोक गाडीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील, असं त्यांचं म्हणणं आहे. पण विमानातल्या बाळाने कारसीटमध्येच, म्हणजे गाडीत बाळासाठी बांधतात त्या पट्टेवाल्या खुर्चीतच बसावं, हा सल्ला एफएएही देते.

तेव्हा परवडत असेल तर बाळाचं वेगळं तिकीट काढा. शेजारची खुर्ची रिकामी राहील या आशेवर कारसीट घेऊन जाऊ नका. राहिली तर क्रू ती वापरू देईलही, पण विमान भरलेलं असेल तर कारसीट सामानाच्या कप्प्यात जाते आणि बाळ तुमच्या मांडीवर येतं.

घरी करायच्या गोष्टी

कारसीटच्या प्लास्टिकवरची चिकटपट्टी वाचा. अमेरिकी कारसीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ती मोटारगाडीत आणि विमानात वापरायला प्रमाणित आहे. इतर देशांतल्या काही सीटवर 'फॉर यूज इन एअरक्राफ्ट' असं लेबल असतं. ते नसेल तर माहितीपुस्तकात एकच गोष्ट शोधा: ही सीट नुसत्या कमरेच्या पट्ट्याने बांधता येते का? विमानात खांद्यावरून येणारा पट्टा नसतो आणि आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीत कारसीट थेट अडकवायच्या, कड्याही नसतात. तान्ह्या बाळांच्या बऱ्याच सीट खांद्याच्या पट्ट्याशिवाय घट्ट बसतच नाहीत. तशी तुमची असेल तर विमानात ती निरुपयोगी आहे, मग कितीही महाग असो. बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला नुसतं उंच बसवणारी सीट, टेकऑफ-लँडिंगला चालत नाही. मोठ्या मुलाला, १० ते २० किलोच्या दरम्यान, केअर्स नावाचा एफएएमान्य पट्टा वापरता येतो. तो विमानाच्या खुर्चीच्या पाठीला अडकतो आणि हाताच्या पिशवीत मावतो. ज्या देशातली विमान कंपनी असेल तिथे तो चालतो का, हे आधी विचारून घ्या.

सीटची रुंदी मोजा. इकॉनॉमीच्या खुर्चीत दोन हातांच्या मधली जागा साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर असते. लेबलाचा आणि पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

खिडकीची जागा घ्या. कारसीट ओलांडून कोणालाही बाहेर पडावं लागू नये, म्हणून क्रू तुम्हाला तिथेच बसवणार. आपत्कालीन दाराची रांग आणि तिच्या लगतच्या पुढच्या-मागच्या रांगा टाळा. ज्या खुर्च्यांच्या कमरेच्या पट्ट्यात एअरबॅग शिवलेली असते, त्याही टाळा. महागड्या वर्गात आणि सगळ्यांत पुढच्या रांगांत त्या जास्त सापडतात. फुगणारा पट्टा कारसीटला चालत नाही.

विमानतळावर

तपासणीत बाळाला बाहेर काढावं लागतं आणि सीट यंत्रातून जाते, मावली नाही तर हाताने तपासतात. बेस, म्हणजे सीट ज्यावर अडकते तो खालचा भाग, वेगळा निघत असेल तर तो सामानात द्या. दोघं मोठे असाल तर एकाने आधी आत जाऊन सीट बांधावी आणि दुसऱ्याने बाळासह अगदी शेवटी यावं. एकटे असाल तर लहान मुलांना आधी सोडतात तेव्हाच आत जा. 'शेवटी जा, बाळाला तेवढं कमी बसावं लागेल' हा सल्ला मांडीवरच्या बाळांसाठी ठीक आहे. कारसीट घेऊन शेवटी गेलात तर पॅसेज गर्दीने भरलेला असतो, क्रू घाई करत असतो, आणि त्या घाईत पट्टा सैल राहतो.

बांधणं

सगळ्यांत कठीण पायरी हीच. सुरुवातीला माझा सगळा दम इथेच निघायचा, कारण कुठलंही माहितीपुस्तक 'कमरेच्या पट्ट्याने सीट घट्ट बांधा' एवढ्या एका वाक्यात विषय संपवतं. गाडीतला पट्टा स्वतः ओढून धरतो. विमानातला तसं काहीच करत नाही. तो साधा आहे: एक बाजू ठरावीक लांबीची, दुसरी कमी-जास्त होणारी. सगळी अडचण या ठरावीक बाजूमुळे येते. तिची लांबी बदलत नाही, म्हणून बकल दरवेळी खुर्चीवर साधारण एकाच जागी येतं. ते तुमच्या कारसीटच्या कुठल्या भागावर येईल हे तुमच्या हातात नाही, आणि नेमकं वाईट जागी आलं तर कितीही ओढा, पट्टा घट्ट होत नाही.

आधी विमानाच्या खुर्चीचा हात वर करा. खुर्चीवर काही ठेवण्याआधी पट्ट्याची दोन्ही टोकं बाहेर काढा आणि सैल होणारी बाजू पूर्ण लांब करा. हे राहिलं तर टोकं कारसीटखाली दबतात आणि सीट परत उचलावी लागते.

आता वाट ओळखा. दोन्ही दिशांनी बसणाऱ्या सीटला पट्टा ओवायच्या दोन वाटा असतात, एक मागे तोंड असताना, एक पुढे तोंड असताना. बऱ्याच सीटवर पहिली निळ्या आणि दुसरी लाल खुणेने दाखवलेली असते, पण रंगावर विसंबू नका, खुणेजवळचं चित्र बघा. चुकीच्या वाटेने ओवलेला पट्टा हाताला घट्ट लागू शकतो आणि तरीही धडकेत सीट कोलमडते.

पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये बकल बाळाच्या पाठीमागे येतं, हा या कामातला सगळ्यांत चिवट भाग. तिथे दोन गोष्टी बिघडतात. एक, बकल बाळाच्या पाठीत रुततं आणि बाळ तासभर का रडतंय ते कळत नाही. उपाय सोपा आहे: कारसीटचं कापडी आवरण वर उचला, पट्टा त्याखालून घ्या, मग आवरण पुन्हा खाली बसवा. दुसरी गोष्ट गंभीर. बकल वाटेच्या अरुंद फटीत अडकलं तर त्याची झाकणी पूर्ण उघडत नाही आणि उतरताना पट्टा सुटत नाही. म्हणून बाळ बसवण्याआधी बकल लावा, ओढून घट्ट करा, आणि एकदा उघडून बघा. झाकणीचं तोंड बाळाकडे ठेवायचं की खुर्चीच्या पाठीकडे, यावर बरेच ठाम सल्ले वाचायला मिळतात. माझं उत्तर असं: दोन्ही करून बघा, आणि ज्या बाजूने तुमचा हात घालून झाकणी पूर्ण उघडते ती ठेवा. धूर भरलेल्या केबिनमध्ये तुम्हालाच ती उघडायची आहे, सल्ला देणाऱ्याला नाही.

उघडतच नसेल, किंवा बकल ऐन कडेवर येऊन पट्टा घट्ट होत नसेल, तर क्रूकडे बेल्ट एक्स्टेन्शन मागा. त्याने लांबी वाढते, आणि बकलची जागाही सरकते. ठरावीक बाजूला ते जोडलं की बकल फटीच्या पलीकडे मोकळ्या जागी येतं. स्वतःचं एक्स्टेन्शन विकत घेऊन जायचा सल्ला ऐकू नका, प्रत्येक विमानाचा पट्टा वेगळा असतो आणि क्रू स्वतःकडचंच वापरू देतो.

मग ओढायचं. हाताच्या जोरावर हे होत नाही, वजन घालावं लागतं. एक गुडघा किंवा कोपर कारसीटमध्ये, पट्ट्याच्या वाटेच्या बरोबर वर, शरीराचा सगळा भार खाली, आणि सैल टोक वाटेच्या सरळ रेषेत ओढा. तिरकं ओढलं तर पट्टा पकडीत अडतो आणि घट्ट झाल्याचा भास होतो. पुढे तोंड असलेल्या सीटला एक युक्ती हमखास उपयोगी पडते: विमानाची खुर्ची आधी मागे झुकवा, तशीच ठेवून पट्टा ओढून घट्ट करा, मग खुर्ची सरळ करा. पाठ पुढे येते आणि पट्ट्याला उरलेली ढील संपवते. त्यानंतर ती खुर्ची प्रवासभर सरळच ठेवायची. मागे तोंड असलेल्या सीटला याचा उपयोग नाही, तिथे नुसतं वजन.

परीक्षा अशी घ्या: पट्ट्याच्या वाटेपाशी सीट धरा आणि बाजूला, पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी हलली तर झालं. सीटच्या माथ्याला धरून हलवू नका, मागे तोंड असलेली सीट तिथे हलणारच, आणि लोक उगाच घाबरून सगळं सोडतात.

मागे तोंड असलेल्या सीटबद्दल आणखी एक, कारण तान्ह्यांसाठी हे सगळ्यांत महत्त्वाचं. बाळाची हनुवटी छातीवर पडू देऊ नका, श्वासाची वाट आवळते. विमानाची खुर्ची गाडीच्या खुर्चीइतकी उतरती नसते, त्यामुळे सीटचा कोन घरी जमवला होता तसा येत नाही. माहितीपुस्तक परवानगी देत असेल तर घट्ट गुंडाळलेला छोटा टॉवेल सीटच्या पायाखाली घाला आणि कोन सीटवरच्या खुणेशी जुळवा. शिवाय विमान चढताना नाक वर करतं, आणि बाळाचं डोकं नाकाच्या बाजूला असल्यामुळे बाळ आणखी उभं होतं. म्हणून खुणेने दिलेल्या मर्यादेत जास्तीत जास्त मागे झुकलेला कोन ठेवा, आणि चढताना हनुवटीवर लक्ष ठेवा.

वरचा टेदर, म्हणजे कारसीटचा माथा गाडीला बांधणारा पट्टा, विमानात लागत नाही, तो गुंडाळून बांधून टाका. सीटला आधाराचा पाय असेल तर दुमडा. उचलायची मूठ पुस्तकात सांगितलेल्या जागी.

हे सगळं पहिल्यांदा विमानात करू नका. घरी एका साध्या खुर्चीवर बॅगेचा पट्टा घेऊन, झोपलेल्या माणसालाही जमेल इतक्या वेळा ओवून बघा. गाडीत सराव करून उपयोग नाही, तिथला पट्टा वेगळा.

बाळाला बसवणं आणि उड्डाण

जाड जॅकेट काढा, मगच हार्नेस, म्हणजे बाळाला बांधायचे कारसीटचे पट्टे, लावा. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा खाली, पुढे तोंड असताना रेषेत किंवा वर. खांद्यापाशी पट्टा चिमटीत आला तर तो सैल आहे. छातीवरची क्लिप काखेच्या उंचीला.

मागे तोंड असलेल्या सीटमुळे पुढच्या प्रवाशाची खुर्ची झुकत नाही. विमान हलण्याआधी त्याला नीट सांगा आणि माफी मागा. क्रूपैकी कोणी सीट फिरवून पुढे तोंड करा म्हणालं, तर लेबल आणि पुस्तकातलं पान दाखवा. लहान बाळाला मागेच तोंड हवं, तिथे नमू नका. अमेरिकी विमान कंपन्यांना, तिकीट काढलेलं असेल आणि बाळ सीटच्या वजन-उंचीत बसत असेल तर, मान्यताप्राप्त सीट नाकारता येत नाही.

कान उतरताना जास्त दुखतात. विमान खाली यायला लागताच चोखायला काहीतरी द्या, बाटली किंवा चोखणी. अंगावर पाजायचं असेल तर पट्ट्याचा दिवा लागायच्या आधी आटपा. दिवा लागल्यावर रडतंय म्हणून बाळाला सीटमधून काढू नका. त्यासाठीच सगळी खटपट केली आहे. लांबच्या प्रवासात दिवा बंद असताना मात्र साधारण दर दोन तासांनी बाहेर काढा, पाठ मोकळी होऊ द्या. नुकतं जन्मलेलं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर ही विश्रांती चुकवू नका, आणि प्रवासाआधी डॉक्टरांना विचारा.

कारसीट सामानात दिली तर

नाइलाज असेल तर द्या, पण मूळ खोक्यात किंवा आतून गादी असलेल्या पिशवीत. उतरल्यावर प्लास्टिकला तडे आणि आतला थर्माकोल फुटलाय का ते बघा. आतल्या थर्माकोलची भेग बाहेरून दिसत नाही, आवरण काढून बघावं लागतं. भाड्याच्या सीटवर माझा विश्वास नाही: ती आधी अपघातातून गेली आहे का, हे तुम्हाला कोणी सांगू शकत नाही. घ्यावीच लागली तर निदान प्लास्टिकवरची मुदत वाचा.

उतरताना

सगळ्यांना पुढे जाऊ द्या. पट्टा सुटत नसेल तर पुन्हा गुडघ्याने दाबा, ढील मिळते आणि झाकणी उघडते. एक्स्टेन्शन क्रूला परत करा. गाडीत बसवताना टेदर उलगडून जोडा आणि पट्टा गाडीसाठी सांगितलेल्या वाटेनेच ओवा.