साताऱ्यात कमी खर्चात कसं फिरावं? आधी परतीची एसटी शोधा

आमच्या घरात 'स्पेशल' या शब्दाचा धसका आहे. स्पेशल चहाचा नाही, स्पेशल जीपचा.

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही चौघं (मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि शहात्तर वर्षांची आई) डोंगरावरच्या एका गावी धबधबा बघायला गेलो होतो. संध्याकाळी सहाला गावात एसटी येते एवढं मला माहीत होतं, तीच परतताना धरायची असा हिशेब. गाडी वेळेवर आली. माणसं उतरली, दुधाचे कॅन उतरले. मग ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि सीटमागची वळकटी बाहेर काढली. "ही मुक्कामी हाय दादा. सकाळी सहाला सुटंल." जाताना चौघांना मिळून शंभर-सव्वाशे रुपये लागले होते. येताना स्पेशल जीपचे, म्हणजे अख्खी गाडी आपल्यापुरती करण्याचे, बाराशे मोजले, तेही घासाघीस करून.

तेव्हापासून सहलीचा बेत मी उलटा आखतो, परतीपासून.

१. चौकशीच्या खिडकीवर नेमकं काय विचारायचं

आदल्या दिवशी सातारा स्टँडवर चक्कर टाका. मुक्कामाला असाल तर जेवायला बाहेर पडाल तेव्हा होऊन जातं. खिडकीवर बहुतेक जण विचारतात, "ठोसेघरला गाडी कधी आहे?" उत्तर मिळतं, माणूस खूश होऊन निघतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासारखा अडकतो. विचारायचं ते असं : "तिकडून साताऱ्याला यायला शेवटची गाडी किती वाजता आहे?" आणि लगेच, "ती मुक्कामी तर नाही ना?" मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात जाते आणि रात्रभर तिथेच उभी राहते. फलकावर ती इतर गाड्यांसारखीच दिसते.

तिसरा प्रश्न रविवारी फिरणाऱ्यांसाठी. खेड्यांकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांच्या वेळेवर बेतलेल्या असतात. सुट्टीच्या दिवशी त्यातली एखादी गळते. "रविवारी चालू आहे का?" एवढं विचारून घ्या.

मिळालेली वेळ कागदावर लिहा आणि त्याच्या आधीची एक फेरीही लिहून घ्या. बेत आधीच्या फेरीचा धरायचा. शेवटची गाडी हा आपला विमा.

२. सवलतींचा हिशेब घरीच करा

आमच्या चौघांची एसटीत दोनच तिकिटं होतात. माझं पूर्ण, बायकोचं अर्धं, मुलीचं अर्धं, आईचं शून्य रुपयांचं. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत निम्मं भाडं आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं हाफ तिकीट पूर्वीपासूनचं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना निम्म्या भाड्यात. वयाची सवलत घेणाऱ्यांनी आधार कार्ड पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावं. गर्दीच्या गाडीत कंडक्टर दोनदा मागायला येत नाही. आणि ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. गाडी पुढे बेळगावला जात असली तर हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण पडतं.

'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पासही एसटी देते. खूप जण तो स्वस्त म्हणून डोळे झाकून काढतात. पासाच्या किमतीला दिवसांनी भागा आणि रोज तेवढ्या भाड्याचा प्रवास खरंच होणार आहे का ते बघा. साताऱ्यात खोली घेऊन रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन परत येणार असाल, तर पास अंगावर पडेल. सातारा, कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर अशी लांब रांग लावणाऱ्या पुरुष माणसाला तो परवडतो. बायकांना आणि ज्येष्ठांना तिकीट आधीच निम्मं असल्यामुळे त्यांनी आकडेमोड केल्याशिवाय पास घेऊच नये.

३. रेल्वे की एसटी?

रेल्वेचं जनरल तिकीट स्वस्त, यात वाद नाही. पण सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. स्टँडपर्यंत यायला रिक्षा लागते आणि वाचवलेल्यातले बरेच पैसे त्या तेवढ्या अंतरात जातात. मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी साताऱ्यात भल्या पहाटे, अंधारातच उतरवते. त्या वेळी जी रिक्षा मिळते ती स्पेशलच. उजाडेपर्यंत स्टेशनवरच बसा, चहा घ्या, मग शेअर रिक्षा किंवा एसटी बघा. दिवसा येणारी कोयना एक्सप्रेस या बाबतीत बरी.

पुण्याहून येणाऱ्यांनी गाडीचा मार्ग बघावा. रेल्वे जेजुरी, नीरा, लोणंद असा वळसा घालून येते, एसटी महामार्गानं सरळ. घरात ज्येष्ठ असतील तर प्रश्नच मिटतो. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, एसटीतली चालू आहे.

४. एका दिवशी एकच दिशा

सातारा स्टँड ही गाठ समजा आणि तिथून सुटणारे रस्ते म्हणजे दोरे. सज्जनगड आणि ठोसेघर एका दोऱ्यावर आहेत, कास आणि बामणोली दुसऱ्यावर. सकाळी कास आणि दुपारी ठोसेघर असा बेत केला की मधे साताऱ्यात यावं लागतं, एक गाडी चुकते आणि कोणीतरी म्हणतंच, "जाऊ दे, स्पेशल करू."

कासच्या पठाराबद्दल एक सांगतो. फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा प्रवेशशुल्क असतं, माणसांच्या संख्येवर मर्यादा असते आणि ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते. नोंदणी न करता शनिवार-रविवारी गेलात तर भाडंही जातं आणि दिवसही. मंगळवार-बुधवार गाठा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं, म्हणून मे महिन्यात ते बघायला येणारेही मी पाहिलेत. मे महिन्यात तिथे कातळ असतो आणि ऊन असतं.

फुकटातल्या जागांमध्ये माझी सगळ्यात आवडती लिंबची बारा मोटांची विहीर. साताऱ्याच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूला लिंब फाटा लागतो. इथे एक मेख आहे : विनाथांबा गाडी फाट्यावर थांबत नाही, म्हणून साधी लाल गाडी पकडा आणि चढण्याआधी विचारा. फाट्यापासून आत चालत जाता येतं. विहीर १७१९ ते १७२४ या काळातली. वरून पाहिलं तर अष्टकोनी पाणी दिसतं. पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीच्या पोटातच दगडी महाल आहे, कमानी आहेत, खांबांवर कोरीव काम आहे. एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात एवढी थारोळी (मोटेचं पाणी ओततात त्या दगडी जागा) वर काठावर आहेत. आमची मुलगी तिथे तासभर एका कमानीतून दुसरीत जात राहिली. तिकीट लागलं असतं तर मी अर्ध्या तासात "चला" म्हटलं असतं, हेही खरं.

वाईचा दिवसही असाच स्वस्तात होतो, कारण सगळं पायी आहे. स्टँडवरून घाटावर, ढोल्या गणपती, मग नदीच्या कडेनं पुढे मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट तिथे आहे. घाटावर टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेत, १७३९ साली मिळालेली. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. चालवत नसेल तर जाताना रिक्षा आणि येताना पायी, म्हणजे निम्मे वाचले.

साताऱ्यात एक सकाळ हाताशी असेल तर अजिंक्यतारा आहेच. गावातूनच चढता येतो.

५. महाबळेश्वर बघा, मुक्काम खाली करा

महाबळेश्वर-पाचगणीत खोलीचे भाव वार आणि महिना बघून बदलतात. मे, दिवाळी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर विचारूच नका. खोली वाईत घ्या, पहिल्या गाडीनं पसरणीचा घाट चढा आणि संध्याकाळी उतरा. वाई ते पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. वाटेत, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये, भिलार लागतं. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुठल्याही ओसरीवर बसून वाचा, कोणी पैसे मागत नाही. पॉइंट बघायला टॅक्सीनं पळणाऱ्यांपेक्षा तिथे बसलेल्यांचा दिवस मला बरा वाटतो. अर्थात पॉइंट बघायचेच असतील तर टॅक्सी लागणारच. तेव्हा स्टँडवर आणखी एखादं कुटुंब शोधा आणि भाडं वाटून घ्या.

लॉजवर भाव विचारण्याआधी "चोवीस तास की बारा ते बारा?" असं विचारा. रात्री दहाला पोचणाऱ्याला बारा ते बाराच्या लॉजमध्ये चौदा तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे पडतात. चोवीस तासवाला लॉज थोडा महाग दिसला तरी अशा वेळी स्वस्त पडतो.

६. डबा

पहिल्या दिवसाचं जेवण घरून न्या. भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते, पुढच्या दिवसासाठी मात्र दुधात मळलेल्या दशम्या हव्यात. त्या दोन दिवस टिकतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी. पिठलं नेऊ नका, आंबतं आणि डब्यातून गळतं. जिथे मुक्काम तिथल्या बाजारात काकडी, कांदा, दही मिळतं. एवढ्यावर दोन वेळा निघतात आणि तिसऱ्या वेळेला मिसळ खायला मन मोकळं राहतं. पाण्याच्या बाटल्या घरच्या न्या. चौघांच्या दिवसभराच्या विकतच्या पाण्यात एकाचं जेवण होतं.

सज्जनगडावर दुपारी महाप्रसाद असतो, विनामूल्य. भक्तनिवासात राहण्याचीही सोय आहे. याचा उल्लेख पैसे वाचवण्याच्या लेखात करताना मी जरा अडखळलो. समर्थांच्या समाधीला आलेल्यांसाठी ती पंगत आहे. तेव्हा दर्शन घ्या, वेळेवर बसा, पानात टाकू नका, आणि जमेल तेवढं दानपेटीत घाला. गडावर एरवी जेवायला जेवढे गेले असते त्याच्या निम्मे घातले तरी तुमचा हिशेब फायद्यातच राहतो.

कंदी पेढे घेतल्याशिवाय कोणी साताऱ्यातून जात नाही. पाव किलो सुटे घ्या, रंगीत खोक्यातले नको, आणि आधी एक चाखून बघा.

७. सुट्टे पैसे

हे क्षुल्लक वाटेल, पण रोज पंधरा-वीस रुपये इथे जातात. कंडक्टरच्या मशीनवर आता फोननं पैसे देता येतात. घाटात रेंज गेली की मात्र नोटच काढावी लागते. दहाच्या, वीसच्या नोटा आणि थोडी चिल्लर वेगळ्या पाकिटात ठेवा. पाचशेची नोट दिलीत तर कंडक्टर तिकिटामागे पेनानं बाकी लिहून देतो आणि म्हणतो, "उतरताना घ्या." उतरताना पोरगं झोपलेलं असतं, पिशव्या तीन असतात, मागून लोक ढकलत असतात, आणि बाकी राहते.

आमच्याकडे हे काम आईकडे आहे. तिचं स्वतःचं तिकीट शून्याचं, म्हणून ती माझं तिकीट हातात धरून बसते. गाडी साताऱ्यात पोवई नाक्याला आली की पुढच्या सीटवरून आवाज येतो, "बाकी घेतलीस का रे?"