आवडत्या प्राण्यावर इंग्रजीत बोलताना या चुका टाळा

इंग्रजी संभाषणाच्या सरावासाठी आवडत्या प्राण्याचा विषय सोपा म्हणून निवडला जातो आणि नेमक्या त्या सोपेपणामुळेच फसतो, कारण शाळेत पाठ केलेला दहा ओळींचा निबंध जिभेवर तयारच असतो. ‘माय फेव्हरिट ॲनिमल इज द कॅट, इट हॅज फोर लेग्ज, टू इअर्स अँड वन टेल’ इथपर्यंत सारे सुरळीत चालते. मग समोरच्याने ‘व्हाय डू यू लाइक इट?’ एवढेच विचारले की बोलणे अडते. शिवाय चार पाय, दोन कान आणि एक शेपूट हे वर्णन गाईलाही तितकेच लागू पडते.

त्यामुळे अवयवांची यादी बाजूला ठेवून प्राण्याची एखादी कृती डोळ्यांसमोर आणावी. मांजर झेप घेण्याआधी अंग आक्रसून दबा धरते, मागचा भाग किंचित हलवते आणि मगच उडी मारते. हेच ‘इट क्राउचेस, विगल्स इट्स बॉटम अँड देन जम्प्स’ असे तीन क्रियापदांत सांगता येते.

इथे पुढची चूक दबा धरून बसलेली असते. नियम ठाऊक असूनही बोलण्याच्या ओघात क्रियापदाचा शेवटचा ‘एस’ गळतो आणि ‘इट जम्प’ असे तोंडून निघते. यासाठी तेच वर्णन एकदा एका मांजराचे आणि लगेच अनेक मांजरांचे करावे: ‘द कॅट जम्प्स’, ‘कॅट्स जम्प’. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकताना फक्त हीच एक चूक शोधावी. सगळ्या चुका एकदम शोधू गेल्यास एकही नीट सुधारत नाही.

‘इट इज हॅविंग अ लाँग टेल’ हे वाक्य तर फारच रुळलेले आहे. ‘त्याला लांब शेपूट आहे’ यातला ‘आहे’ आपल्याला ‘इज’कडे ओढतो, पण अवयव सांगताना ‘हॅज’ पुरेसे असते. ‘द कॅट इज हॅविंग किटन्स’ हे वाक्य मात्र शुद्ध आहे, फक्त त्याचा अर्थ मांजर या क्षणी विते आहे असा होतो!

मराठीत हत्ती ‘तो’, खार ‘ती’ आणि पिल्लू ‘ते’ असते; ही सवय इंग्रजीत आणू नये. अनोळखी प्राण्याला ‘इट’ म्हणावे, घरच्या पाळीव प्राण्याला तो नर किंवा मादी असेल त्याप्रमाणे ‘ही’ किंवा ‘शी’ म्हटले तरी चालते. ‘इट’ने सुरू करून मध्येच ‘ही’वर उडी मारली, की ऐकणाऱ्याला दोन प्राणी असल्याचा भास होतो.

अनेकवचनांत ‘शीप’ आणि ‘डिअर’ तसेच राहतात, ‘माउस’चे ‘माइस’ आणि ‘वुल्फ’चे ‘वुल्व्ह्ज’ होते. ‘अ एलिफंट’ चुकीचे, ‘ॲन एलिफंट’ बरोबर.

उच्चारात आपला ‘व’ घोटाळा करतो. ‘वुल्फ’ म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि दात ओठाला लागत नाहीत. ‘व्हल्चर’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकतात. आरशासमोर हे दोन शब्द आलटून पालटून म्हटले की फरक दिसतो. आघाताचे, म्हणजे शब्दाच्या एका भागावर दिल्या जाणाऱ्या जोराचेही तसेच आहे: ‘एलिफंट’मध्ये तो पहिल्या उच्चारखंडावर (सिलेबलवर), ‘जिराफ’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘कांगारू’मध्ये शेवटच्या उच्चारखंडावर येतो.

शब्द आठवला नाही म्हणून गप्प बसणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आयाळीसाठी ‘मेन’ हा शब्द सुचला नाही, तर ‘द लाँग हेअर ऑन अ हॉर्सेस नेक’ असे म्हणून पुढे जावे. बहुतेक वेळा समोरचाच तो शब्द पुरवतो आणि पुढच्या वाक्यात आपल्याला तो लगेच वापरता येतो.