बुजऱ्या कुत्र्यासाठी घर शोधताय? या चुका टाळा

भुरी पहिल्यांदा दत्तक गेली आणि नऊ दिवसांत परत आली. नेणारी माणसं चांगली होती. परळच्या टॉवरमधलं घर, दोन लहान मुलं, हौसेनं आणलेला नवा पट्टा. मुलांनी पलंगाखाली हात घातला, ती गुरगुरली आणि संध्याकाळी मला फोन आला, "तुम्ही तर शांत आहे म्हणाला होतात." खरं होतं. जाहिरात मीच लिहिली होती: शांत, गुणी, अजिबात भुंकत नाही.

भुंकत नव्हती, कारण भीतीनं तिचा आवाजच बसला होता.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, बुजरं. गावाकडे बैल बुजला तर कुणी त्याला खोडकर ठरवत नाही. तो कशाला बुजला ते आधी बघतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण एकतर "लाजाळू आहे हो" म्हणून लाड करतो, नाहीतर "शांत आहे" म्हणून खपवतो. मी दुसरं केलं.

चूक: भीतीला शांतपणा समजणं

शांत कुत्रं कुशीवर, पाय सैल सोडून झोपतं. कुणी आलं तर मान वर करतं, शेपूट दोनदा आपटतं, पुन्हा झोपतं. बुजलेलं कुत्रं भिंतीला पाठ लावून अंग चोरून बसतं, कान मागे, शेपूट पायांत. झोप आलेली नसताना जांभया देतं, सारखे ओठ चाटतं, तोंड दुसरीकडे करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. सगळ्यात सोपी खूण खाण्याची. उकडलेलं चिकन नाकासमोर असूनही ते शिवत नसेल, तर ते आत्ता प्रचंड घाबरलेलं आहे. अशा वेळी कुरवाळू दिलं, तरी ती मैत्री नसते. ते फक्त गोठलेलं असतं.

आणि सगळंच भीतीच्या खात्यावर टाकू नका. मुंबईत गोचीड-ताप फार दिसतो. ताप, पांढरट हिरड्या, मरगळ, कोपऱ्यात पडून राहणं हे बाहेरून अगदी बुजरेपणासारखं दिसू शकतं. रक्ततपासणी आधी, स्वभावाचं निदान नंतर.

भुरीची दुसरी जाहिरात मी अशी लिहिली: "अंदाजे दोन वर्षांची, नसबंदी झालेली, लशी पूर्ण. अनोळखी पुरुषांना आणि लिफ्टला घाबरते. माझ्याशी ओळख व्हायला पाच आठवडे लागले. आता रात्री माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपते. लहान मुलं नसलेलं, शक्य तर एखादं निवांत कुत्रं आधीपासून असलेलं घर हवं." पहिल्या जाहिरातीला फोनच फोन आले होते. हिला तीन आले. त्या तिघांशी मात्र खरं बोलणं झालं.

फोटो जमिनीवर बसून, खिडकीच्या उजेडात काढा. गळ्यातला पट्टा धरलेला हात त्यात दिसू देऊ नका. हातातून खातानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ दहा फोटोंच्या तोडीचा.

चूक: अडॉप्शन कॅम्पला नेणं

पिल्लांसाठी कॅम्प ठीक. पिल्लाची जगाशी ओळख होण्याचा मुख्य काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत असतो. त्या काळात ज्याला माणसांचा चांगला अनुभव मिळाला नाही, त्याला दोन वर्षांनी दोनशे माणसांच्या हॉलमध्ये बसवून धीट करता येत नाही. ते टेबलाखाली जाऊन थरथरतं आणि तिथून आणखी बुजरं होऊन घरी येतं.

माणसांनाच घरी बोलवा, एकदा नाही, तीनदा. पहिल्या भेटीत पाहुण्यानं जमिनीवर तोंड बाजूला करून बसायचं, आपल्याशी गप्पा मारायच्या, कुत्र्याकडे बघायचं नाही आणि अधूनमधून चिकनचा तुकडा लांब टाकायचा. हात पुढे करून "ये ये" नको. ज्याला हा तासभर कंटाळवाणा वाटतो, तो माणूस या कुत्र्यासाठी नाही हे तिथेच कळतं. पेट्रोलचे पैसे वाचले.

चूक: माणसं बघितली, बिल्डिंग बघितली नाही

मुंबईत ही चूक सगळ्यात महाग पडते. घर भाड्याचं आहे का? असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का आणि अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपल्यावर पुढे काय? जे कुत्रं एका घरात रुळायला चार महिने घेतं, त्याला दरवर्षी बिऱ्हाड बदलायला लावणं म्हणजे दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात. सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळानं 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे. महापालिकेचा कुत्र्याचा परवानाही काढून घ्यावा. पण कागद हातात असला तरी रोज लॉबीत वॉचमनशी आवाज चढणार असेल, तर ते भांडण कुत्रंही ऐकतं.

मग स्वतः जाऊन बघा: कितवा मजला, जिना वापरता येतो का, लॉबीच्या गुळगुळीत लाद्यांवर पाय घसरतात का, बाल्कनीच्या ग्रिलमधून डोकं बाहेर जातं का, खाली मातीचा एखादा तुकडा तरी आहे का.

कुत्रं कधी सोपवायचं हाही प्रश्नच आहे. गणपतीच्या आधी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो, मग विसर्जन, नवरात्र, दिवाळी. तुळशीची लग्नं लागेपर्यंत मी बुजरं कुत्रं नव्या घरी पाठवतच नाही. (भारत मॅच जिंकला तर मात्र इलाज नाही.)

एक प्रश्न खरं तर या सगळ्याच्या आधीचा. तुमच्या घरात थरथरणारं कुत्रं त्याच्या गल्लीत कसं होतं? चहावाल्याच्या बाकाखाली निवांत झोपणारं, चार घरांतून पोळी खाणारं असेल, तर ते बुजरं नाही, हरवलेलं आहे. नसबंदी आणि लसीकरण करून त्याच जागी सोडा. 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियमही हेच सांगतात.

चूक: दारात आणि टॅक्सीत गाफील राहणं

घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, मागे सरकतं आणि साधा पट्टा कानांवरून अलगद निघून येतो. म्हणून छातीभोवती बांधायचा हार्नेस आणि ओढल्यावर बेताचाच आवळणारा मार्टिंगेल पट्टा, असे दोन आणि दोन दोऱ्या, त्यातली एक कमरेला बांधलेली. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला निघण्याआधीच हवा. टॅक्सीचं दार उघडण्याआधी दोऱ्या हातात आहेत ना, बघा. नव्या घरात आधी दार बंद, मग दोरी सैल. त्या दिवशी आंघोळ नाही आणि शेजारच्या काकूंना दाखवणंही नाही.

तरीही सुटलंच, तर मागे धावू नका. धावलात की ते थेट रस्त्यावर जाईल. जिथून सुटलं तिथे त्याची चादर आणि तुमचा न धुतलेला शर्ट ठेवा, खाणं ठेवा, आणि रात्री दोननंतर वर्दळ ओसरली की शांतपणे तिथे बसा.

घरी गेल्यावर येणारे फोन

तीन दिवस दडपण, तीन आठवड्यांत घराची सवय, तीन महिन्यांत आपलेपणा, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. बुजऱ्याला तो सढळ हातानं वाढवून द्या.

"पलंगाखालून निघतच नाही." नको निघू म्हणावं. ओढू नका, वाकून बघू नका. पाणी जवळ ठेवा, येता-जाता एक तुकडा टाकत चला.

"खात नाही." एखादा दिवस चालतं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही किंवा पाणीही पीत नसेल, तर डॉक्टर.

"घरातच शू करते." तिला माती माहीत आहे, मार्बल नाही. पहाटे पाचला आणि रात्री अकरानंतर, गर्दी नसताना, मातीवर न्या. चुकली तर पुसून टाका, ओरडू नका.

"लिफ्ट बघितली की आडवी पडते." आठवडाभर फक्त लिफ्टच्या उघड्या दारासमोर चिकन. मग आत दोन पाय. मग एक मजला. उचलून आत नेलंत तर लिफ्टही नकोशी होईल आणि तुम्हीही.

"माझ्या नवऱ्यावर गुरगुरते." गुरगुरल्याबद्दल कधीही रागावू नका. ती सूचना आहे. ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी थेट दात. यापुढे जेवण नवऱ्यानंच द्यायचं, वाटी खाली ठेवून, तोंड न बघता निघून जायचं. माझ्या अनुभवात पुरुषांना हे शिकवणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा अवघड जातं.

हे सगळे फोन उचलायची तयारी नसेल, तर कुत्रं देऊ नका. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, महिन्यानं आपणच फोन करायचा. काहीही झालं तरी कुत्रं माझ्याकडेच परत येईल, हे लिहून घ्यायचं. पाळलेलं जनावर रस्त्यावर सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही त्याच कागदावर.

भुरी शेवटी मुलुंडला गेली. तळमजल्याचं घर, निवृत्त शिक्षिका आणि त्यांचा म्हातारा लॅब्रॅडॉर. पहिले अठरा दिवस ती कपाटामागेच होती. एकोणिसाव्या दिवशी बाईंचा दबक्या आवाजात फोन आला. "अहो, ही म्हाताऱ्याच्या ताटातलं खातेय. तो नुसता बघतोय. काय करू?"

मी म्हटलं, "आज खाऊ दे. उद्यापासून दोन ताटं, लांब लांब ठेवा."