जुनी यॉट उभी करताय? रंगाचा डबा आधी लपवून ठेवा

तीस-पस्तीस फुटी फायबरची मोटार यॉट, आत डिझेल इंजिन, तीन-चार पावसाळे खाडीत बांधून पडलेली. स्वस्तात मिळाली म्हणून नवा मालक खूश. पहिल्या रविवारी तो पॉलिशचं मशीन घेऊन येतो, दुसऱ्या रविवारी गाद्या शिवायला टाकतो, तिसऱ्या रविवारी केबिनला नवा व्हेनिअर चढतो. पैसे संपत आले की इंजिनरूममध्ये पहिल्यांदा टॉर्च पडते. काम याच्या नेमकं उलट व्हायला हवं. आधी पाण्याखालची भोकं, मग इंजिन, मग डेक, मग वायरिंग. चकाकी शेवटी, तीही पैसे उरले तर.

सेल्फ मारत राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती चालू इंजिनवर नाही, बंद इंजिनवर होते.

चित्र दरवेळी तेच. टाकीतलं डिझेल जुनं, लाइनमध्ये हवा. इंजिन धरत नाही आणि मालक किल्ली सोडत नाही. वीस सेकंद सेल्फ, जरा दम, परत वीस सेकंद. बॅटरी उतरली की शेजारच्या बोटीतून दुसरी येते. ‘आत्ता धरेल’ म्हणणारा एक जण जेटीवर उभा असतोच. इकडे इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याला खाऱ्या पाण्याचा पंप इमानेइतबारे पाणी ओढत असतो. ते पाणी हीट एक्स्चेंजरमधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या भागातून) एक्झॉस्टच्या एल्बोत, म्हणजे धुराच्या नळीच्या वळणात येतं आणि तिथून मफलरमध्ये पडतं. इंजिन चालू असेल तर धुराचा दाब ते पाणी मागून बाहेर फेकतो. इथे धूरच नाही. मफलर गळ्यापर्यंत भरतो, पाणी एल्बोतून उलटं मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीत) चढतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व उघडा असेल त्यात उतरतं. पुढच्या सेल्फला ‘ठक्’ आवाज होतो आणि इंजिन जागच्या जागी अडतं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. मालकाला वाटतं बॅटरी कमी पडली, म्हणून तो आणखी मोठी बॅटरी जोडतो. तेवढ्यात इंजिन फुल ओव्हरहॉलला गेलेलं असतं.

यावर उपाय फुकट आहे. इंजिन धरायची खात्री नसेल तेव्हा खाऱ्या पाण्याचा सी-कॉक (बोटीच्या बुडातून पाणी आत घेणारा कॉक) बंद करून सेल्फ मारायचा आणि इंजिन धरल्याबरोबर कॉक उघडायचा. उशीर चालत नाही, कारण पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) कोरडा फिरला की काही सेकंदांत तापून त्याची पाती तुटायला लागतात. म्हणून एक माणूस किल्लीवर आणि एक कॉकवर. काम संपवून कॉक बंद केला की किल्ली त्याच कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवावी. म्हणजे पुढच्या वेळी किल्लीसाठी तरी तिथे हात जातो. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. तीनदा धरलं नाही तर चौथ्यांदा प्रयत्न करू नका. फिल्टर बदला, लाइनची हवा काढा. त्याआधी मफलरच्या तळाचा ड्रेन प्लग उघडून साचलेलं पाणी सोडून द्या.

पाणी शिरलंच असेल तर ‘उद्या मेकॅनिक येतोय’ हे उत्तर नव्हे. त्याच दिवशी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा आणि पाणी बाहेर येऊ द्या. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा. डिपस्टिकवर ऑइल ताकासारखं पांढरं दिसलं तर ते बदलून इंजिन चालवा, परत बदला. पांढरेपणा जाईपर्यंत हेच. रात्रभर तसंच राहिलं तर सकाळपर्यंत रिंगांना गंज धरतो.

मुळातच जाम असलेलं इंजिन सेल्फने सोडवायला जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं! डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) निम्मं-निम्मं मिसळून नोझलच्या भोकांतून सिलिंडरमध्ये ओता, तीन-चार दिवस थांबा, मग मोठ्या पान्याने हळूहळू पुढे-मागे हलवा. ज्यांना तीन दिवस धीर धरवत नाही त्यांनी जुनी बोट घेऊ नये.

आणि इंपेलर बदलताना जुन्याची पाती मोजा. एखादं कमी असेल तर ते हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेलं असतं. ते काढल्याशिवाय इंजिन गरम व्हायचं थांबणार नाही.

नळाच्या दुकानातला कॉक

पाण्याखाली पितळी बॉल वाल्व बसवणं म्हणजे बचत नव्हे. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. जुना कॉक चाकूने खरवडून बघा: पिवळा चकाकला तर ठीक, गुलाबी निघाला तर त्याच दिवशी बाद. नवा घ्यायचा तो गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) किंवा डीझेडआर, म्हणजे जस्त सहज न सोडणाऱ्या पितळेचा. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर 38 मिमीचं भोक मोकळं झालं तर मिनिटाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत येतं. तासाला 500 गॅलनचा बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी फेकणारा) कागदावरसुद्धा मिनिटाला जेमतेम 32 लिटर फेकतो. म्हणून प्रत्येक कॉकशेजारी त्याच मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधलेली हवी. पंपाची वायर मेन स्विचमधून नेऊ नका. फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडा, नाहीतर मेन स्विच बंद करून तुम्ही घरी गेलात की पंपही झोपतो.

ग्लँडची, म्हणजे पंख्याचा शाफ्ट बुडातून बाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या जोडाची, दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून भरू नये. शाफ्टवर एकेक वेढा कापून घ्या आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत. एकही थेंब नको म्हणून आवळणारे शाफ्टवर चर पाडून घेतात.

ॲनोडला, म्हणजे बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्याला, रंग लावू नका. बोट गोव्याच्या मांडवीसारख्या नदीत पावसाळाभर राहणार असेल तर जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचे ॲनोड लावा. गोड पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं.

भोकं पाडून इपॉक्सी ओतणं

डेकवर पाय दाबला की लचकतं. कारण फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लाय असतो, आणि रेलिंगच्या, क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंट्याच्या) बोल्टमधून वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्याने तो कुजून चिखल झालेला असतो. यावरचा लाडका शॉर्टकट असा: वरून पंचवीस-तीस भोकं पाडायची, पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) ओतायचं, भोकं पुटीने बुजवायची, वर रंग. महिनाभर डेक टणक लागतं, कारण भोकांच्या आजूबाजूला इपॉक्सीचे खुंट तयार झालेले असतात. मधलं ओलं लाकूड इपॉक्सी पीत नाही. ते कुजतच राहतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच भाग वाटीसारखा खचतो. आता खुंटांसकट सगळं छिन्नीने काढायचं असतं, म्हणजे कामही दुप्पट.

करायचं ते सरळ, पण कष्टाचं आहे. हातोडीच्या दांड्याने डेकभर ठोकत जा. टणटण वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर कुजकं. खडूने हद्द आखा आणि आखलेल्या रेषेच्या चार बोटं बाहेरून कापा. वरचा थर ग्राइंडरने अखंड उचलून बाजूला ठेवा, तोच परत बसवता येतो. कुजकं लाकूड खरवडा, खालचा थर पूर्ण सुकू द्या. नवा कोअर (मधलं लाकूड) घट्ट केलेल्या इपॉक्सीत दाबून बसवा, त्यावर जुना थर चिकटवा. सांध्याच्या दोन्ही कडा जाडीच्या बारापट उतार देऊन घासा, म्हणजे 4 मिमी जाड थराला सुमारे 5 सेंटिमीटर, आणि वर काचकापडाचे थर चढवा. शेवटी बोल्टची भोकं. ती मोठी पाडून इपॉक्सीने भरायची आणि त्यातून पुन्हा बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. हे शेवटचं काम टाळलंत तर दहा वर्षांनी पुढचा मालक पुन्हा खडू घेऊन उभा.

रेझिनचा गोंधळ

पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर शेकडा 1 ते 2. मुंबईच्या एप्रिलात 1 पुरतो. ही सवय घेऊन लोक इपॉक्सीकडे वळतात आणि लवकर वाळावं म्हणून त्यातही हार्डनर वाढवतात. इपॉक्सीचं प्रमाण ठरलेलं असतं. जास्त हार्डनरने ते लवकर वाळत नाही, कायमचं चिकट राहतं. वजनकाटा वापरा. एका वेळी थोडंच कालवा, कारण डब्यात लिटरभर ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुरायला लागतं. वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर आला तर आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग पॉलिश पेपर. उलट क्रमाने केलंत तर ते मेण चोळून आत जातं आणि वरचा रंग सुटतो.

कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि पॉलिएस्टरचा हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका. आग लागते, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचा, हार्डनर नंतर.

बाकीचं थोडक्यात. सिलिकॉन डेकवर नको, त्या जागी पुन्हा काहीच चिकटत नाही. पॉलिसल्फाइड सीलंट उत्तम, पण ॲक्रिलिकच्या खिडकीला नको, ते प्लास्टिक खातं. घरातली एकतारी वायर बोटीत थरथरीने तुटते. बारीक तारांची, कथील चढवलेली घ्या आणि टोकं रॅचेट क्रिंपरने दाबा. जुन्या डिझेलच्या तळाशी पाणी आणि काळा बुळबुळीत थर असतो. औषध टाकून तो विरघळत नाही, टाकी उघडून पुसावी लागते.

बोट कधी बाहेर काढायची

क्रेनचं भाडं परवडत नाही म्हणून बोट उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर घेणं कोकणात जुनंच आहे. त्यात हिशेब एकच: पुढचं उधाण साधारण पंधरा दिवसांनी. मालक पहिले दहा दिवस बुडावरची कालवं खरवडण्यात आणि तळाचे फोड मोजण्यात घालवतो. तळाचे फोड पंधरा दिवसांत बरे होत नाहीत, फायबर सुकायलाच महिने लागतात. थोडे असतील तर त्यांना हात लावू नका. बाराव्या दिवशी कॉक उपटला, थ्रू-हलची (बुडातून आरपार जाणाऱ्या नळीची) दांडी आटे जाऊन निकामी झाली आणि गनमेटलचा सुटा भाग शहरातून यायला चार दिवस, की झालं. म्हणून कॉक पहिल्या दोन दिवसांत काढा, पाचव्या दिवसापर्यंत नवे बसवा. म्हणजे सीलंट वाळायला आठवडाभर मिळतो, आणि शेवटचे दोन दिवस फक्त अँटिफाउलिंगला (कालवं-शेवाळ धरू न देणाऱ्या बुडाच्या रंगाला) राहतात.