क्लोजर डळमळला की आधी वही काढा

हर्णै बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला माझा इंजिन दुरुस्तीचा गाळा आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, आणि त्यांची इंजिनं माझ्याकडे उघडून पडलेली. या दोन महिन्यांत मी पहाटे साडेचारला शटर वर करतो. फिलाडेल्फियात तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि फिलीजचा, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाचा, सामना नुकताच सुरू झालेला किंवा सुरू व्हायच्या बेतात असतो. फोन व्हाइसच्या बाजूला डब्याला टेकवून ठेवायचा आणि कामाला लागायचं. 2023 पासून पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक सेकंद देणारं घड्याळ, आला तेव्हापासून सामना लवकर आटोपतो. सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे चहा येतो त्याच वेळी, नववी, शेवटची इनिंग लागते आणि क्लोजर मैदानात येतो, म्हणजे आघाडी राखून सामना संपवायला ठेवलेला पिचर (चेंडू टाकणारा).

मी जहाजावर फिटर होतो. 2008 च्या उन्हाळ्यात आमचं जहाज डेलावेअर नदीत फिलाडेल्फियाला लागलं होतं, तेव्हा एका संध्याकाळी मी पहिल्यांदा मैदानात बसून बेसबॉल पाहिला आणि तो संघ माझा झाला. आता माझ्याबरोबर भाचा बघतो आणि शेजारचे तात्या बघतात. क्लोजरनं दोन सामने घालवले की भाचा म्हणतो, "मामा, याला बसवा आता." तात्या म्हणतात, "एवढी वर्षं तारलंन त्यानं, दोन दिवसांत वाईट झाला होय?" मग पाना हातात तसाच राहतो आणि वाद सुरू होतो. हा वाद नीट कसा घालायचा, ते मी इतक्या वर्षांत जे शिकलो त्यावरून लिहितो आहे. बेसबॉल बघणारे आपल्याकडे थोडे आहेत, पण जे आहेत ते पोटतिडकीनं बघतात.

पहिली गोष्ट, 'सेव्ह' या आकड्यावर विसंबू नका. सेव्ह हा आकडा 1969 पासून अधिकृत नोंदीत आहे. शेवटपर्यंत टाकणाऱ्या पिचरला तो तीन प्रकारे मिळतो: संघ तीन किंवा कमी धावांनी पुढे असताना येऊन पूर्ण एक इनिंग टाकली तर, बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर (चार बेस फिरून आलं की एक धाव), बॅटिंगला किंवा पुढच्या पाळीला तयार उभा असताना आला तर, किंवा शेवटच्या तीन इनिंग नीट टाकल्या तर. आता बघा, तीन धावांची आघाडी, बेस रिकामे, समोर तळाचे फलंदाज, याचाही एक सेव्ह. आणि एका धावेची आघाडी, समोर संघातले सगळ्यात मारकुटे तिघे, याचाही एकच सेव्ह. पहिल्या प्रकारात माणूस दोन धावा देऊनही टाळ्या घेऊन जातो. त्यामुळे "तीसपैकी पंचवीस वाचवले" एवढ्यावरून तो कसा टाकतोय हे कळत नाही.

म्हणून वही. साधी, शंभर पानी. क्लोजरच्या शेवटच्या पंधरा फेऱ्या, म्हणजे तो टाकायला आला ते पंधरा सामने, उतरवायच्या. दर फेरीला एक ओळ: किती आउट काढले (तीन आउटची एक इनिंग), किती स्ट्राइकआउट (फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद), किती वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट पहिला बेस), किती होमरन (चेंडू कुंपणापार), वेगवान चेंडूचा सरासरी वेग, आणि आधी किती दिवस विश्रांती होती. धावांचा रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवतो. धावा आधी लिहिल्या की डोळा तिथंच अडकतो आणि बाकीचे रकाने कोणी वाचत नाही. वेग बेसबॉल सॅव्हंटच्या साइटवर फुकट मिळतो.

हे रकाने वाचायचे कसे? मी इंजिनवाला आहे, मला ते धुरासारखे दिसतात. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा बघाव्या लागणार. पांढरा राहिला तर डिझेल पूर्ण जळत नाही, नाहीतर पाणी आत जातंय. तिन्ही वेळा नाखवा येऊन एकच सांगतो, "इंजिन ओढत नाही." रोग मात्र तीन वेगळे.

तसंच इथं. स्ट्राइकआउट पूर्वीइतकेच आहेत, वॉक वाढलेले नाहीत, होमरन नाहीत, आणि तरी धावा जाताहेत? मग मारलेले चेंडू बघा. मैदानात पडणाऱ्या चेंडूंपैकी, होमरन सोडून, साधारण दहातले तीन हिट होतात, म्हणजे फलंदाज त्यावर बेस गाठतो, लीगभर वर्षानुवर्षं हेच प्रमाण आहे. दोन आठवडे ते दहातले पाच झाले, तर बहुतेक वेळा तो नशिबाचा आणि क्षेत्ररक्षणाचा भाग असतो. या माणसाला हलवू नका. वॉक वाढले असतील तर दोष त्याचा स्वतःचा, कारण वॉकमध्ये क्षेत्ररक्षक येतच नाही. वेग गेल्या वर्षाच्या त्याच्याच सरासरीपेक्षा ताशी दीड-दोन मैलांनी उतरला असेल तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तिथं बहुधा शरीर दुखत असतं. आणि वेग शाबूत, पण स्ट्राइकआउट कमी आणि होमरन जास्त, असं असेल तर त्याचा दुसरा चेंडू, बहुतेकांचा स्लायडर (शेवटी वळणारा चेंडू), वळायचा थांबला आहे किंवा फलंदाज त्याला फसायचे थांबले आहेत.

हे मी ज्याच्यावरून शिकलो तो फिलीजचा तेव्हाचा क्लोजर ब्रॅड लिज. 2008 साली त्यानं नियमित हंगामात 41 पैकी 41 सामने वाचवले आणि पुढे बाद फेरीत 7 पैकी 7. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना पावसानं मध्येच थांबला होता, तो दोन दिवसांनी पुढे खेळला गेला. आपल्याकडे तेव्हा दिवाळीचे दिवस, पहाटेची वेळ. न्यू जर्सीतल्या मेव्हण्यानं फोन टीव्हीजवळ धरला होता आणि मी ओटीवर पणत्यांजवळ बसून ऐकत होतो. शेवटचा चेंडू स्लायडर, समोरचा फलंदाज एरिक हिन्स्की चुकला, आणि लिज गुडघ्यांवर बसला. कॅचर कार्लोस रुईझ धावत आला. हे मी नंतर पाहिलं, त्या क्षणी फक्त आवाज आला, आणि मेव्हणा रडत होता.

पुढच्याच वर्षी तोच माणूस, तोच हात. 2009 मध्ये एकही विजय नावावर नाही, 8 पराभव, 11 वेळा हातची आघाडी घालवली, ईआरए (दर नऊ इनिंगला त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा) 7.21. मी त्या उन्हाळ्यात जहाजावर होतो आणि सेकंड इंजिनियर साहेबांशी रोज भांडायचो की याला काढा. साहेब अमेरिकेत राहिलेले. त्यांनी एके दिवशी कागदावर दोन वर्षं शेजारी शेजारी लिहायची पद्धत मला दाखवली. हंगाम संपल्यावर तो कागद मी पुरा केला. 2008: 69 इनिंग आणि एक आउट, 92 स्ट्राइकआउट, 35 वॉक, 2 होमरन. 2009: 58 इनिंग आणि दोन आउट, 61 स्ट्राइकआउट, 34 वॉक, 11 होमरन. वॉक दर नऊ इनिंगला साडेचारवरून पाचच्या थोडं वर गेले, म्हणजे दिशा फार बिघडलेली नव्हती. स्ट्राइकआउट मात्र बारावरून नऊच्या आसपास आले आणि होमरन दोनाचे अकरा झाले. चेंडू जात होता तिथंच जात होता, पण आता तो मारता येत होता. जूनमध्ये त्याचा उजवा गुडघा दुखावल्यामुळे त्याला बाहेर बसावं लागलं होतं. मी "घाबरतो, घाबरतो" म्हणत होतो आणि कागद गुडघा दाखवत होता. तेव्हापासून मी कुणा खेळाडूच्या छातीबद्दल बोलायच्या आधी त्याच्या सांध्यांची चौकशी करतो.

आता पुढचा प्रश्न, आणि हा विचारल्याशिवाय वाद पुरा होत नाही: याला काढलं तर टाकणार कोण? आठव्या इनिंगचा माणूस नवव्याला नेला की आठवी उघडी पडते. लिज बाहेर होता तेव्हा रायन मॅडसननं नववी सांभाळली. तरी व्यवस्थापक चार्ली मॅन्युएल यांनी बाद फेरीत चेंडू पुन्हा लिजकडेच दिला, आणि रॉकीज व डॉजर्सविरुद्ध त्यानं एकही धाव दिली नाही. भाचा "काढा" म्हणाला की मी वही त्याच्याकडे सरकवतो आणि आठव्या इनिंगच्या माणसाच्याही पंधरा ओळी लिहायला लावतो. बऱ्याचदा तिथंच त्याचा आवाज खाली येतो. कधी कधी येत नाही, आणि तेव्हा तोच बरोबर असतो.

प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीत जाण्याच्या, शक्यतेचा हिशेब मात्र वेगळ्या पानावर करा. आदल्या रात्रीच्या पराभवाची कळ याच पानात शिरते आणि माणूस "संपलं सगळं" म्हणून मोकळा होतो. 162 सामन्यांच्या हंगामात क्लोजर साठ-सत्तर इनिंग टाकतो. संघ कसा आहे हे त्यापेक्षा एकूण धावांवरून जास्त कळतं. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांचं जिंकायच्या प्रमाणाचं सूत्र सोपं आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. 2009 च्या फिलीजनं 820 धावा केल्या, 709 दिल्या. 820 चा वर्ग 6,72,400. 709 चा 5,02,681. बेरीज 11,75,081. भागाकार 0.572, गुणिले 162, म्हणजे जवळजवळ 93. आणि तो संघ बरोबर 93 सामने जिंकला, 11 वेळा आघाडी घालवणारा क्लोजर घेऊन, आणि गटात दुसऱ्या आलेल्या मार्लिन्सच्या सहा सामने पुढे राहिला.

म्हणून क्लोजरनं काही फरक पडत नाही असं समजू नका. 2008 मध्ये फिलीज 92 जिंकले आणि त्याच गटातले मेट्स 89. लिजनं त्या 41 पैकी चार घालवले असते तर गटाचं विजेतेपद गेलं असतं. मेट्सचा क्लोजर बिली वॅग्नर ऑगस्टमध्ये कोपराच्या दुखापतीनं गेला, त्यांची नववी इनिंग गळायला लागली, आणि शेवटच्या दिवशी ते बाहेर पडले. तेव्हा आधी अंतर बघायचं. संघ आठ सामने पुढे असेल तर क्लोजरला सावरायला वेळ आहे. दोन सामन्यांवर आला असेल तर वेळ नाही, आणि तात्यांचं "तारलंन त्यानं" मग पुरत नाही.

सप्टेंबरमध्ये आणखी एक आकडा लागतो, मॅजिक नंबर. 163 मधून आपले विजय वजा करा, मागच्या संघाचे पराभव वजा करा. समजा आपण 85 जिंकलो आणि मागचे 70 हरले, तर उरले 8: आपला दर विजय आणि त्यांचा दर पराभव एकेक कमी करतो. शून्यावर आलं की गट आपला. 2022 पासून बरोबरी झाली तर जादा सामना होत नाही, बरोबरीत बहुधा आपसातल्या सामन्यांचा हिशेब चालतो. तो आधीच आपल्या बाजूनं लागला असेल तर 163 ऐवजी 162 धरा. त्याच वर्षापासून दोन्ही लीगमधून सहा-सहा संघ जातात: तीन गटविजेते, तीन वाइल्ड कार्ड. विजेत्यांपैकी वरच्या दोघांना पहिली फेरी माफ, बाकीच्यांना तीन सामन्यांची मालिका. त्या तीन सामन्यांत एक घालवलेली नववी इनिंग म्हणजे केवढा तुकडा गेला ते बोटांवर मोजून बघा. हंगामातल्या एका सामन्याशी त्याची तुलनाच नाही.

हा हिशेब आम्ही बहुतेक वर्षी गणपतीत करतो. आरती झाली, पंचखाद्य वाटून झालं की तात्या विचारतात, "किती राहिले रे?"

एक प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला आहे आणि ज्याला क्लोजरवर बोलायचं आहे त्यानं तो सावकाश बघावा. 2009 ची वर्ल्ड सिरीज, चौथा सामना, 4-4 बरोबरी, नववी इनिंग, दोन आउट. लिजसमोर यँकीजचा जॉनी डेमन. डेमन नऊ चेंडू खेळला आणि एकेरी हिट मारून पहिल्या बेसवर गेला. पुढचा फलंदाज टेशेरा, त्याच्यासाठी क्षेत्ररक्षक उजवीकडे सरकलेले. डेमन दुसऱ्या बेसकडे पळाला, उठला, आणि तिसऱ्या बेसवर कोणीच नाही हे बघून तसाच पुढे धावला. एका खेपेत दोन बेस. इथं थांबवून लिजचा चेहरा बघा. त्याचा स्लायडर खाली जमिनीत जाणारा. माणूस तिसऱ्या बेसवर असताना तो कॅचरच्या हातून सुटला तर सरळ धाव. त्याच्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं हत्यार चेंडू टाकायच्या आधीच अडकलं. टेशेराला चेंडू लागला आणि फुकट बेस मिळाला, ॲलेक्स रॉड्रिगेझनं वेगवान चेंडूवर डबल (दोन बेसचा फटका) मारून एक धाव आणली, पोसाडानं आणखी दोन धावा आणल्या. 7-4.

वहीत त्या रात्रीची ओळ अशी पडते: शून्य वॉक, शून्य होमरन, तीन धावा. भाच्यानं गेल्या जुलैत ती ओळ पहिल्यांदा लिहिली. मग पेन ठेवून बराच वेळ तो व्हिडिओच मागे-पुढे करत राहिला, आणि तिसरा बेस कोणी सांभाळायला हवा होता यावर तात्यांशी त्याचा जो वाद सुरू झाला तो गिअरबॉक्स बसवून झाला तरी चालू होता.