आर्क्टिकचा स्केट हाती आला की आधी काटे मोजा

नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या बेअर बेटाच्या उत्तरेकडच्या उतारावरून ट्रॉल (तळावरून ओढायचं जाळं) वर आला की टोपलीत तपकिरी, चपट्या स्केटांचा, म्हणजे पाकटाच्या नात्यातल्या माशांचा, ढीग पडतो. नवख्याला सगळे सारखेच वाटतात, पण त्यात वेगवेगळ्या जाती असतात. त्यात तुम्ही माझ्यासारखे कोकणातलं पाकट बघत वाढलेले असाल, तर आधी नांगी शोधाल. ती इथे नाहीच. स्केटच्या शेपटीच्या टोकाजवळ दोन छोटे पर असतात, बस्स. पाठीवरचे काटे मात्र रबरी हातमोज्यातूनही टोचतात, म्हणून नाकाडाला धरून उचला.

उचललाच आहे तर नाकाड वाकवून बघा. कानाच्या पाळीसारखं सहज वाकलं आणि काटे फक्त शेपटीच्या मधोमध असतील, तर तो बॅथिराजा स्पिनिकॉडा. दीड मीटरच्या पुढे वाढतो, त्यामुळे मोठा असेल तर शंकाच उरत नाही.

नाकाड ताठ असेल तर खरं काम सुरू. मानेपासून शेपटीवरच्या त्या दोन परांपैकी पहिल्या परापर्यंत मधल्या रांगेतले काटे बोट ठेवून मोजा. तुटलेल्या काट्याचा बुडखाही धरायचा. १२ ते १९ भरले तर अँब्लिराजा रेडिएटा, नॉर्वेजियन खलाशांचा क्लोस्काते. २२ ते ३२ भरले तर अँब्लिराजा हायपरबोरिया, म्हणजे ईसस्काते. याचं वर्णन नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉलेटने १८७९ साली केलं. प्रौढ माशाच्या शेपटीवर एकाऐवजी काट्यांच्या तीन-चार समांतर रांगा दिसल्या, तर राजेला फिली.

मग उलटा करा. रेडिएटाचं पोट पांढरं, हायपरबोरियाच्या पोटावर बहुधा काळपट डाग. पण जाळ्यात घासलेल्या, चिखल-बुळबुळीने माखलेल्या माशाच्या रंगावर मी निकाल देत नाही. आधी पाण्याने धुवा. नराच्या पंखांच्या कडेला आकड्यांसारखे जादा काटे असतात, ते मोजणीत घेऊ नका. ते फक्त नर असल्याचं सांगतात, जात नाही.

खोली आणि तापमान पडताळ्यापुरतं बघा. शून्याखालच्या, खोल पाण्यातून आलेला बहुतेकदा हायपरबोरिया असतो, रेडिएटा जास्त करून वरच्या भागात. पण दोघांच्या हद्दी एकमेकींत शिरतात.

मोजणी २०-२१ वर अडली तर दुसऱ्या कुणाला तरी, तुमचा आकडा न सांगता, मोजायला लावा. तरीही जमेना, तर वहीत नुसतं ‘अँब्लिराजा’ हे दोघांच्या वंशाचं नाव लिहा, पट्टी ठेवून पाठपोटाचा फोटो काढा आणि पराच्या कडेचा नखाएवढा तुकडा डीएनए तपासणीसाठी इथेनॉलमध्ये टाका.