नेपाळात उन्हाळ्यात शिकवायला जाताय? या चुका टाळा

‘व्हिसा नको, लिपी आपलीच, देवही ओळखीचे; तयारी ती काय करायची?’ असं म्हणून मी पहिल्यांदा कास्की जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेलो आणि पहिल्याच सकाळी प्रार्थनेला उशिरा पोचलो. मनगटावरचं घड्याळ पुण्याची वेळ दाखवत होतं. नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. हेडसर नुसते हसले. पुढचा महिनाभर मी अशाच पंधरा-पंधरा मिनिटांच्या फरकांत ठेचकाळत राहिलो.

आपली सुट्टी बघून तिकीट काढणं

आपल्या शाळा-कॉलेजांना एप्रिल-मेमध्ये सुट्टी लागते. तिकडे १४ एप्रिलच्या आसपास, वैशाखाच्या पहिल्या दिवशी नवं वर्ष लागतं आणि शाळेचं वर्षही तेव्हाच सुरू होतं. पहिले काही दिवस ‘भर्ना’ म्हणजे प्रवेश आणि पुस्तकवाटपातच जातात. मे महिना खरा कामाचा. पुढे असार-साउनात, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, अनेक ठिकाणी पावसाळी सुट्टी पडते. सगळीकडे एकच वेळापत्रक नसतं, म्हणून तिकीट काढण्याआधी हेडसरांना फोन करा.

कागदपत्रांचं थोडक्यात: विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत. तुमचा अमेरिकेचा पासपोर्ट असलेला भाचा बरोबर येणार असेल तर त्याची गोष्ट वेगळी. त्याला व्हिसा लागतो आणि पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही.

शाळा न बघता होकार देणं

स्वयंसेवक पाठवणारी मध्यस्थ संस्था ‘बोर्डिंग स्कूल’ म्हणाली की आपल्याला पाचगणी आठवते. नेपाळात ‘बोर्डिङ’ म्हणजे खासगी इंग्रजी माध्यमाची शाळा, वसतिगृह असो वा नसो. तिथे बहुधा तुमची फारशी गरज नसते. सरकारी अनुदानावर चालणारी ती ‘सामुदायिक’ शाळा. कुठे जाताय हे आधी स्पष्ट विचारा, आणि तुम्ही भरलेल्या पैशांतलं शाळेला किती मिळणार हेही.

अनाथालयात शिकवण्याचं आमंत्रण आलं तर मी स्वच्छ सांगतो, जाऊ नका. नेपाळातल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि ही बालगृहं काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच जास्त आहेत. देणगी देणारा पाहुणा येत राहतो, म्हणून मुलांना घरातून आणलं जातं. जी संस्था तुमच्याकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागत नाही, ती मुलांची किती काळजी घेत असेल?

‘आपलंच आहे’ असं वागणं

मुलांना सिनेमा-मालिकांमुळे हिंदी कळतं, पण पहिल्या दिवसापासून हिंदीच झोडू नका. मोठ्यांना ‘तपाईं’ (म्हणजे ‘आपण’), शिक्षकांना सर किंवा मिस, गावात दाइ (म्हणजे दादा), दिदी, एवढ्यावर बरंच निभावतं. आपल्या सोसायट्यांत वॉचमनला सरसकट ‘बहादूर’ म्हणतात, ती सवय सीमेअलीकडेच ठेवा. आणि वर्गात ‘बुद्ध भारतात जन्मले’ असं चुकूनही म्हणू नका. लुंबिनी नेपाळात आहे, हे सहावीतलं पोरही तुम्हाला ऐकवेल. मला ऐकवलं.

जेवणाचंही तसंच. शाळा दहा ते चार, आणि दालभात त्याआधीच, नऊच्या सुमारास. मधल्या सुट्टीत फक्त खाजा मिळतो. हा आपल्या कोकणातल्या जत्रेतला गुळाचा खाजा नव्हे, तर चिउरा म्हणजे पोहे, नाहीतर चाउचाउ म्हणजे नूडल्स. सकाळी ‘भूक नाही’ म्हणालात तर चारपर्यंत पोट धरून बसाल.

वर्गशिक्षकाला सुट्टी देणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती चूक आहे हे जाणवतही नाही. तुम्ही वर्गात शिरता, शिक्षक सुटकेचा श्वास टाकून स्टाफरूममध्ये जातात. तुम्ही गाणी आणि खेळ घेता, मुलं खूश होतात. तुम्ही परतता तेव्हा अभ्यासक्रम महिनाभर मागे पडलेला असतो आणि पहिली त्रैमासिक परीक्षा दारात उभी असते. त्यामुळे शिक्षकांना वर्गातच थांबायला सांगा. निम्मा तास त्यांचा, निम्मा तुमचा. काठमांडू खोऱ्यातल्या सानोठिमीच्या सरकारी पाठ्यक्रम विकास केंद्राच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. घरूनच वाचून जा.

वर्ग एका सुरात ‘यस सर’ म्हणतो आणि कुणालाच काही कळलेलं नसतं, असं झालं तर प्रश्न फळ्यावर लिहा, शेजाऱ्याशी बोलायला दोन मिनिटं द्या, मग एकेकाला विचारा. गप्प बसणाऱ्या मुलालाही शेजाऱ्याचं उत्तर सांगायला लाज वाटत नाही.

उच्चारांची गंमत मराठी माणसाला लवकर कळते. नेपाळीतला च आपल्या ‘चमचा’तला, ‘चहा’तला नव्हे. इंग्रजी ‘व्ही’ला तिकडे भ लिहितात, म्हणून व्हिडिओचा ‘भिडियो’ आणि ‘व्हेरी’चं ‘भेरी’. श आणि स एकमेकांत मिसळतात. मी एका तासात सगळंच सुधारायला गेलो, तर मुलांनी तोंडच उघडायचं बंद केलं. आठवड्याला एकच आवाज घ्या. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवा आणि एक छोटा आरसा फिरवा. आपणही ‘शिप’ आणि ‘शीप’मध्ये गडबडतो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका, आणि चॉकलेटं वाटू नका.

शेवटच्या आठवड्यात नवा पाठ काढू नका. काय शिकवलं, कोण कुठे अडतं, हे एका वहीत लिहून वर्गशिक्षकाच्या हातात द्या. तारखा विक्रम संवतात घाला, इसवी सनाच्या साधारण ५७ वर्षं पुढच्या. नाहीतर कुठला पाठ कधी झाला, याचा हिशेब लावण्यातच त्यांचा एक तास जाईल.